घर आतून रंगवायचंय: महाग डबा घ्यावा की भिंतीवर खर्च करावा?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. ठाण्यात सोसायटीतला २बीएचके, कार्पेट साधारण ६५० चौ. फूट, इमारत वीस वर्षांची. दिवाळीच्या आत आतून रंगवायचा आहे. हॉलच्या भिंतीवरून हात फिरवला तर काही लागत नाही, छताला मात्र पांढरी पूड लागते. स्वयंपाकघराच्या भिंती चकचकीत आहेत, बहुतेक ऑइल पेंट असावा. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे, तिथे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आलेत.

तीन कोटेशनं आली. एकात नुसतं 'ट्रॅक्टर, दोन हात', दुसऱ्यात 'प्रीमियम इमल्शन', तिसऱ्यात 'लक्झरी'. तिसऱ्याची रक्कम पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. प्रश्न सरळ आहे: चांगला रंग ओळखायचा कसा, आणि सगळ्या घराला सगळ्यात महाग रंग लागतो का?

शिडीवाला
सगळ्या घराला लागत नाही. आधी पायऱ्या समजून घ्या. सगळ्यात खाली डिस्टेंपर, म्हणजे खडूची भुकटी जास्त असलेला स्वस्त रंग. त्याच्या वर साधं इमल्शन (पाण्यात मिसळायचा, राळेने धरणारा रंग), मग प्रीमियम, मग लक्झरी. एशियन पेंट्समध्ये ट्रॅक्टर इमल्शन, अ‍ॅपकोलाइट, रॉयल अशी चढण आहे. बर्जरमध्ये बायसनपासून सिल्कपर्यंत, नेरोलॅकमध्ये ब्यूटीपासून इम्प्रेशन्सपर्यंत, ड्यूलक्समध्ये प्रॉमिसपासून वेल्व्हेट टचपर्यंत.

आता पहिल्या कोटेशनकडे बघा. नुसतं 'ट्रॅक्टर' याला काही अर्थ नाही. त्याच नावाचं डिस्टेंपरही मिळतं आणि इमल्शनही. बायसनचंही तसंच. डब्यावरचं पूर्ण नाव कोटेशनात लिहून घ्या, नाहीतर इमल्शनच्या भावात डिस्टेंपर भिंतीवर जातं आणि पहिल्या दिवशी डोळ्याला फरक कळतही नाही.

पाटीपेन्सिल
'प्लास्टिक पेंट' म्हणतात ते वेगळं काही असतं का?

शिडीवाला
नाही. इमल्शनलाच लोक प्लास्टिक पेंट म्हणतात.

रसायनी
किंमत कशाची असते ते सांगते, म्हणजे निवड सोपी होईल.

डब्यात मुख्यतः चार गोष्टी असतात: पाणी, राळ (म्हणजे अ‍ॅक्रिलिक बाइंडर), टायटॅनियम डायऑक्साइड आणि भराव. भराव म्हणजे खडूची भुकटी, चिनीमाती, टाल्क वगैरे. बाइंडर भिंतीला धरून ठेवतो, टायटॅनियम खालचं झाकतो, भराव डबा भरतो. स्वस्त रंगात भराव जास्त आणि बाइंडर कमी. कण इतके जास्त होतात की त्यांच्यामधल्या फटी भरायला बाइंडर पुरत नाही, तिथे हवा राहते. गंमत म्हणजे ही हवाच सुकलेल्या रंगाला पांढरेपणा आणि खालचं झाकायची ताकद देते. म्हणून स्वस्त रंगसुद्धा सुकल्यावर छान झाकलेला दिसतो. पण त्याच फटींतून पाणी, तेल, हळद, हाताचा मळ आत जातो आणि पुसायला गेलं की रंग फडक्यावर येतो.

घरच्या घरी परीक्षा: रंगाचा नमुना पुठ्ठ्यावर नाही, पुट्टी (सपाट करायचा लेप) आणि प्रायमर (रंगाआधीचा थर) केलेल्या तुकड्यावर लावा. चार दिवस पूर्ण सुकू द्या. मग ओलं बोट टेकवा. लगेच गडद डाग उमटला तर रंग सच्छिद्र आहे. त्यानंतर ओल्या पांढऱ्या फडक्याने एकाच जागी वीसेक वेळा घासा आणि फडकं बघा. दोन वेगवेगळे रंग शेजारी शेजारी लावून केलंत तर फरक आपोआप कळतो.

चौकटराजे
रसायनी ताई, छान. पण मग ज्या भिंतीला कुणी हात लावत नाही तिथे सच्छिद्र असला तर बिघडलं कुठे? छताला कोण फडकं मारतंय?

रसायनी
बरोबर, म्हणूनच छताला लक्झरी लावायची गरज नाही. साधं मॅट इमल्शन पुरतं. उलट छताला चमक असलेला रंग लावला की स्लॅबचा प्रत्येक उंचवटा ट्यूबलाइटच्या उजेडात दिसतो. पैसे जाऊ द्या हॉलच्या कंबरेखालच्या पट्ट्यात, बटणांच्या बोर्डाभोवती, जेवणाच्या टेबलामागे, मुलांच्या खोलीत.

गिलावा
रंगाची चर्चा उत्तम, पण या घरात रंगाआधी भिंत आहे. छताला पांढरी पूड लागते म्हणजे तिथे जुना चुना किंवा मेलेलं डिस्टेंपर आहे. त्यावर कितीही भारी इमल्शन मारा, ते पुडीला चिकटेल, छताला नाही. दीड-दोन वर्षांत पापडासारखं लोंबायला लागेल.

काम असं: पत्र्याने सगळं खरवडून काढा, पाणी मारून ओलं करून खरवडलं की धूळ कमी उडते. मग ओल्या स्पंजने पुसा. सुकल्यावर काळं कापड घासा. पांढरं येत असेल तर पुन्हा पुसा. मग चिकटपट्टीची चाचणी. मास्किंग टेपची वीतभर पट्टी घट्ट दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीला पूड किंवा पापुद्रा चिकटून आला तर तिथे अजून खरवड बाकी आहे. हे तीन-चार ठिकाणी करा, विशेषतः पंख्याच्या हुकाभोवती आणि बीमच्या कडेला.

पेंटर हे काम टाळतो कारण ते डोळ्याला दिसत नाही आणि खांदे मोडतात. कोटेशनात 'खरवड' अशी वेगळी ओळ असू द्या आणि तिचे वेगळे पैसे द्या. ज्याला या कामाचे पैसे मिळतात तो ते करतो.

चौकटराजे
+१. ही ओळ कुणाच्याच कोटेशनात नसते.

दमटहवा
गुडघ्यापर्यंतच्या पोपड्यांबद्दल. बाथरूमला लागून असलेली भिंत आहे म्हणजे बहुतेक तिकडच्या टाइल्सच्या सांध्यांतून किंवा नळाच्या जोडातून पाणी येतंय. ते थांबल्याशिवाय बेडरूमच्या बाजूने कुठलाही 'वॉटरप्रूफ' रंग लावू नका. पाणी मागून ढकलतंय, रंग समोरून अडवू शकत नाही. पाण्याबरोबर क्षार येतात, पृष्ठभागापाशी पाणी उडून जातं आणि क्षाराचे स्फटिक रंगाच्या मागे वाढतात. तेच रंगाला ढकलून फोड आणतात.

क्रम: आधी बाथरूमची दुरुस्ती. मग पोपडे काढून गिलावा उघडा करा, ठोकून बघा, पोकळ वाजला तर तेवढा फोडून नवा करा. पांढरा क्षार दिसेल तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, धुतलं की तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. मग भिंत सुकू द्या. सुकली का ते बघायला दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा, ४८ तास ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं किंवा भिंत गडद दिसली तर अजून ओल आहे.

नव्या गिलाव्याला वेगळं गणित. किमान २८ दिवस ठेवावा लागतो, कारण ताज्या सिमेंटमधला अल्कली रंगाला खातो. तिथे अल्कली सहन करणारा प्रायमर घ्या.

खिडकीपाशी
म्हणजे दिवाळीच्या आत ती भिंत होणार नाही?

दमटहवा
आजच बाथरूमला हात घातलात तर दुरुस्ती, मग २८ दिवस आणि शिवाय वाळणं. घाई केली तर पुढच्या पावसात तोच पोपडा. बाकीचं घर उरकून घ्या, ती एक भिंत डिसेंबर-जानेवारीत करा. तोवर तिथे कपाट सरकवू नका, हवा लागू द्या. फक्त त्या भिंतीच्या रंगाचा डबा आजच बाजूला ठेवा, एकाच बॅचचा.

कौलारू
थोडं अवांतर, पण कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांचे धनी इथे येतात म्हणून लिहितो. जांभ्याच्या चिऱ्यांची आणि चुन्याच्या गिलाव्याची भिंत असेल तर आतून इमल्शन लावूच नका. त्या भिंती पाणी घेतात आणि सोडतात. प्लास्टिकचा थर बसला की आतलं पाणी अडकतं, आणि चुन्याचा गिलावा मागे भुसभुशीत होऊन रंगासकट ढपल्यासारखा खाली येतो.

तिथे चुनाच बरा. कळीचा चुना भिजवून मुरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, दुधाइतका पातळ करायचा. भिंत आधी पाण्याने ओली करायची, नाहीतर कोरडी भिंत पाणी शोषून घेते आणि चुना पूड होऊन बसतो. पातळ तीन हात, प्रत्येक हात आडवा-उभा बदलून. लावताना तो पारदर्शक दिसतो, सुकताना पांढरा होत जातो, त्यामुळे 'झाकत नाही' म्हणून जाड मारू नका. जाड चुना तडकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडी होतो, म्हणून धरतो. थोडा डिंक घातला की अंगाला कमी लागतो, किंचित नीळ घातली की पांढरा उठून दिसतो. डोळ्यांना जपा, चुना भाजतो.

पाटीपेन्सिल
कौलारूदादा, पुण्यातल्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींनाही हेच लागू का?

कौलारू
होय, मातीच्या भिंतींना तर जास्तच. मात्र माती सुटत असेल तर आधी गिलाव्याची डागडुजी, मग चुना.

सुतारपक्षी
मूळ विषयाकडे. स्वयंपाकघराच्या चकचकीत भिंतीवर आधी खात्री करून घ्या की ऑइल पेंटच आहे. कापसाचा बोळा मेथिलेटेड स्पिरिटमध्ये बुडवून कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. इमल्शन असेल तर मऊ होऊन कापसावर येतं, ऑइल पेंट हलत नाही.

ऑइल पेंटवर थेट इमल्शन मारलं तर नखाने सोलून निघतं. आधी तेलकटपणा काढा: कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पुसा, मग दोनदा साध्या पाण्याने. चिमणीच्या वरच्या भागात हे नीट झालं नाही तर रंग तिथे गोळा होऊन मागे सरतो, मासोळीच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मरेपर्यंत घासा, वर १८०. मग चिकटणारा प्रायमर, मग सॅटिन फिनिशचं (हलक्या चमकीचं) इमल्शन.

रसायनी
सुतारपक्षी, एक महत्त्वाची भर. त्या जुन्या ऑइल पेंटला कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असलं पाहिजे हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. इमारत वीस वर्षांची आहे, म्हणजे तो थर त्याआधीचा असू शकतो, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या, भिंत ओली ठेवून घासा, चिखल फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाका. झाडू मारू नका. मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत घरात नकोत. दारं-खिडक्यांच्या जुन्या रंगालाही हेच.

सुतारपक्षी
पटलं. माझ्या प्रतिसादात 'ओलं घासा' असं धरून चाला.

गिलावा
आता पुट्टी, म्हणजे आपली लांबी. इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. व्हाइट सिमेंटची पुट्टी उघड्या गिलाव्यावर उत्तम. भिंत ओलसर करून लावायची, नाहीतर पुट्टीतलं पाणी भिंत पिते, सिमेंटला बसायला पाणी उरत नाही आणि महिन्याभराने बोटाला पीठ लागतं. दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नका. ४० किलोच्या पोत्यात दोन हातांना भिंतीच्या खडबडीतपणाप्रमाणे साधारण ४०० ते ६०० चौ. फूट होतं. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवायची; घट्ट झाल्यावर पुन्हा पाणी घालून ढवळलेली पुट्टी मेलेली असते, ती वापरू देऊ नका.

पण जुन्या, धडधाकट रंगावर सगळ्या भिंतीला ही पुट्टी थापू नका. तिथे खड्डे आणि ओरखडे अ‍ॅक्रिलिक पुट्टीने भरून घ्या. बारीक तडे नुसते भरले तर पुन्हा उमटतात. पटाशीच्या कोपऱ्याने इंग्रजी व्ही आकारात उघडा, धूळ काढा, क्रॅक फिलर भरा. बीम आणि वीटकामाच्या सांध्यात जाळीची पट्टी हवीच.

निळाई
जिप्सम प्लास्टर असेल तर?

गिलावा
तर व्हाइट सिमेंट पुट्टीची गरज नाही. धूळ पुसून थेट प्रायमर, नंतर दिसतील त्या खाचा अ‍ॅक्रिलिकने.

शिडीवाला
मी एका बाबतीत वेगळं म्हणेन. पुट्टीआधी प्रायमर मारावा की नाही यावर पेंटर भांडतात. कोऱ्या गिलाव्यावर व्हाइट सिमेंट पुट्टी असेल तर आधी प्रायमर नको, त्याने उलट मधे पापुद्रा तयार होतो. अ‍ॅक्रिलिक पुट्टी असेल तर आधी एक पातळ हात प्रायमर चालतो. पण पुट्टीनंतरचा प्रायमर कधीही सोडू नका. तो सोडला की पुट्टीचे पॅच रंग जास्त पितात आणि भिंत ठिपकेदार दिसते. मग पेंटर म्हणतो तिसरा हात लागेल, आणि तो तुमच्या महाग इमल्शनचा लागतो.

पेपरचे नंबर: पुट्टीवर १२० किंवा १५०, मग १८०, प्रायमरवर २२० ते ३२०. घासताना भिंतीला चिकटून बाजूने बॅटरीचा उजेड पाडा. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत बाजूच्या उजेडात तिचे सगळे चर दाखवते.

चौकटराजे
मोजमापाचं गणित कुणी करून दाखवेल का? ठेकेदार 'कार्पेटच्या तिप्पट' म्हणून मोकळे होतात.

शिडीवाला
एक खोली धरा: १० बाय १२, उंची साडेनऊ फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट. ४४ गुणिले ९.५ म्हणजे ४१८ चौ. फूट. दार ७ बाय ३ म्हणजे २१, खिडकी ४ बाय ४ म्हणजे १६, दोन्ही वजा केले की ३८१. छत १२० वेगळं.

चांगलं इमल्शन नीट तयार भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण १२० चौ. फूट जातं. म्हणजे भिंतींना सव्वातीन लिटर, ४ लिटरचा एक डबा. छताला सव्वा लिटर धरा. स्वतः टेप लावून सगळ्या खोल्या मोजा. लाद्या बसवलेली स्वयंपाकघराची भिंत आणि कायमच्या कपाटामागची भिंत 'तिप्पट'मध्ये उगाच धरलेली असते.

रसायनी
आणि पाणी! लक्झरी रंग स्वस्त रंगासारखा वागायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे जास्त पाणी. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, चांगल्या इमल्शनला बहुधा लिटरला ३५० ते ४५० मिली. पेंटर डोळ्याने ओततो. एक प्लास्टिकचं मापपात्र विकत आणून त्याच्या हातात द्या. जास्त पाणी घातलेला रंग झाकत नाही, ओघळतो, आणि बाइंडर विरळ झाल्यामुळे धुतला की जातो. मग कंपनीला दोष.

निळाई
रंगछटेबद्दल कुणीच बोललं नाही! शेड कार्डावरचा बोटभर तुकडा बघून ठरवू नका. भिंतीवर छटा नेहमी जास्त भडक वाटते, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात. तीन बाय तीन फुटांचा नमुना दोन भिंतींवर लावा, एक खिडकीसमोर, एक खिडकीच्या बाजूला. सकाळी, दुपारी आणि रात्री बघा. रात्री तुमच्याच दिव्यात: पिवळसर ३००० केल्विनच्या बल्बखाली राखाडी मळकट दिसतो, ६५०० च्या पांढऱ्या उजेडात क्रीम फिकट पडतं.

गडद लाल आणि पिवळा झाकायला अवघड. हे रंग ज्या बेसमध्ये (छटा घालायच्या आधीच्या मूळ रंगात) मिसळतात त्यात टायटॅनियम फार कमी असतं. खाली त्याच छटेच्या जवळचा अंडरकोट घ्या, नाहीतर चार हात लागतील. आणि गडद मॅटवर हात घासला की चमकदार पट्टा उमटतो, तो पुसून जात नाही. म्हणून पॅसेजमध्ये गडद मॅट नको.

सुतारपक्षी
मशीनवर शेड बनवून घेताना सगळे डबे एकाच वेळी घ्या. बॅच नंबर एक असला तरी एका खोलीचे डबे मोठ्या बादलीत एकत्र ओतून मग वापरा. भिंतीच्या मधोमध डबा संपला की जोड दिसतो. डबा बदलायचा तो कोपऱ्यात.

दमटहवा
डबा सीलबंद तुमच्यासमोर उघडा आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत घरातच ठेवा, मोजायला. बऱ्याच डब्यांत पेंटरला बक्षीस मिळवून देणारं टोकन असतं. तो एखाद्याच रंगाचा आग्रह का धरतोय ते कधी कधी त्यावरून कळतं. टोकन त्यालाच द्या, निवड मात्र तुमची ठेवा.

खिडकीपाशी
सगळ्यांचे मनापासून आभार, धागा छापून ठेवला आहे. मग असं ठरवू का: छताला खरवड, प्रायमर आणि साधं मॅट इमल्शन. हॉल आणि दोन्ही बेडरूमना प्रीमियम. स्वयंपाकघराला ओलं घासून, प्रायमर, सॅटिन. ओलीची भिंत जानेवारीत. लक्झरी कुठेच नाही?

शिडीवाला
एका जागी घ्या. पॅसेज आणि हॉलची बोर्डाची भिंत, जिथे हात सतत लागतात. तेवढ्याला ४ लिटर पुरतं. पण छटा वेगळी ठेवा किंवा कोपऱ्याला कोपरा संपवा. एकाच भिंतीवर दोन दर्जाचे रंग एकाच छटेचे असले तरी चमक जुळत नाही.

दमटहवा
आणि तारखा. पाऊस थांबल्यावर लगेच नको, आठ-दहा दिवस कोरडं ऊन मिळू द्या. दोन हातांमध्ये डब्यावर ४ ते ६ तास लिहिलेले असतात, दमट हवेत दुसऱ्या दिवशीच दुसरा हात. फार दमट हवेत सुकलेल्या रंगावर तपकिरी चिकट ओघळ आले तर घाबरू नका, रंगातला साबणासारखा घटक वर येतो. कोमट पाण्याने पुसलं की जातो. महिनाभर मात्र भिंत घासून धुऊ नका, रंग पूर्ण पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो.

खिडकीपाशी
उरलेला रंग किती ठेवू?

सुतारपक्षी
प्रत्येक छटेचा अर्धा लिटर. मोठ्या डब्यात तळाशी ठेवला तर वरच्या हवेने साय धरतो. काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घाला. चिठ्ठीवर खोली, कंपनी, पूर्ण नाव, शेडचा कोड, बेस, बॅच आणि किती पाणी घातलं ते लिहा. पाणी घातलेला रंग मात्र भरून ठेवू नका, काही दिवसांत त्याला वास सुटतो.

खिडकीपाशी
नोंद केली. बाथरूमचा प्लंबर उद्या सकाळी येतोय.